एका अनृणी गृहस्थाची गोष्ट

चरित्रे वाचावयाची ती राजांची, संतांची अथवा देशभक्तांची, असा आपल्या घरांतून एक संकेत रूढ आहे. लाकडाच्या वखारीचा धनी, साखरेच्या कारखान्याचा चालक, एखाद्या लहानशा गावाचा नगराध्यक्ष, असल्या माणसाचे चरित्र कोणी मुद्दाम उघडून बसत नाही. आणि बसलाच तर त्यातून मुलाबाळांना सांगण्यासारखे काही निघेल अशी अपेक्षा ठेवीत नाही. वस्तुतः गृहस्थाश्रम हा इतर तिन्ही आश्रमांचा आधार होय, असे आपलेच स्मृतिकार सांगत आले आहेत. ज्याच्या आधाराने बाकीचे तिघे जगतात त्याचे जगणे कसे चालते, हे पाहण्याची जिज्ञासा आपणांस का नसावी? संसार चालविणे, पैसा मिळविणे, तो राखणे आणि शेवटी तो मागे ठेवून जाणे, या चारही गोष्टी दिसतात तितक्या सोप्या नाहीत. त्यांतली चौथी तर सर्वांत कठीण.

हा विचार माझ्या मनात आला तो एका जुन्या विद्यार्थ्याच्या पत्रामुळे. तो नोकरीनिमित्त अमेरिकेतील यूटा राज्यात राहतो. त्याने लिहिले की, या मुलखात जिकडे पाहावे तिकडे ‘एकल्स’ हे एकच आडनाव आढळते. नाट्यगृहास तेच, क्रीडांगणास तेच, विद्यापीठातील व्यापारविद्येच्या शाखेसही तेच. पुढे एक वाक्य मुद्दाम माझ्यासाठी लिहिलेले होते: ‘सर, ज्याच्या नावाने ही व्यापारविद्येची शाखा चालते तो डेव्हिड एकल्स विशी उलटेपर्यंत धड शाळेतही बसला नव्हता.’ ज्याचे सारे आयुष्य फळ्यासमोर गेले त्या माणसास हे वाक्य डिवचणारे होते. मी त्याच्याकडून पुस्तके मागविली, आणि पावसाळ्याचे चार महिने या परक्या गृहस्थाच्या सहवासात घालविले.

स्कॉटलंडात ग्लासगो शहराजवळ पेझ्ली नावाचे विणकरांचे गाव आहे. आमच्या वाचक भगिनींस ते गाव ठाऊक नसले तरी त्याची खूण त्यांच्या पदरावर असते. काश्मिरी शालीवरची आपली कोयरी एकोणिसाव्या शतकात पेझ्लीच्या मागांवर इतकी उतरली की, युरोपात त्या नक्षीलाच ‘पेझ्ली’ हे नाव पडले. या गावी १२ मे १८४९ रोजी डेव्हिडचा जन्म झाला. बाप विल्यम हा कातारी होता. लाटणी, लाकडी चमचे, स्वयंपाकघरातली अशीच बारीकसारीक उपकरणी तो कातून देई. परंतु मोतीबिंदूने त्याची दृष्टी जवळजवळ गेली होती. तेव्हा बापाने घडवावे आणि पोराने दारोदार विकावे, असा या कुटुंबाचा चरितार्थ चाले. लाकडी जिन्नस खपले नाहीत तर हा पोर चूल पेटविण्यासाठी राळ लावलेल्या चिपा विकी. शाळेचे वय असे टोपली डोक्यावर घेऊन निघून गेले.

हे कुटुंब मॉर्मन पंथाचे होते. या पंथाविषयी आपल्याकडे फारशी माहिती नसते, म्हणून दोन शब्द सांगणे अवश्य आहे. १८३० साली न्यूयॉर्क राज्यात जोसेफ स्मिथ नामक तरुणाने हा ख्रिस्ती पंथ स्थापिला. बायबलाच्या जोडीस ‘बुक ऑफ मॉर्मन’ हा ग्रंथ ते प्रमाण मानतात. उत्पन्नाचा दहावा हिस्सा संघास अर्पण करतात. शेजाऱ्यापाजाऱ्यांशी त्यांचे जमले नाही. १८४४ साली जमावाने स्मिथचा वध केला, तेव्हा ब्रिगहॅम यंग याच्या मागून ही मंडळी हजार मैलांचे माळ तुडवीत १८४७ साली सॉल्ट लेकच्या खाऱ्या सरोवराकाठी जाऊन वसली. मागाहून येणाऱ्या गरीब अनुयायांसाठी १८४९ साली त्यांनी एक निधी काढला. त्याची रचना ध्यानात ठेवण्याजोगी आहे. ज्यास प्रवासखर्च नाही त्यास या निधीतून पैसा उसना मिळे. त्याने पोहोचल्यावर, हातपाय हलवून कमावल्यावर, तो परत भरावयाचा, म्हणजे त्याच पैशावर आणखी एक गरीब कुटुंब समुद्र ओलांडी. आपल्या शास्त्रांत ऋषिऋण म्हणून सांगितले आहे त्याचीच ही एक व्यावहारिक आवृत्ती म्हणावयास हरकत नाही. गुरूने दिलेले ज्ञान गुरूला परत करून ते ऋण फिटत नाही; पुढच्या शिष्याला शिकवावे तेव्हाच फिटते.

या निधीच्या आधाराने १८६३ साली एकल्स कुटुंब लिव्हरपूलहून शिडाच्या जहाजाने निघाले. पुढचा मार्ग बैलगाड्यांच्या तांड्याबरोबर कापला. डेव्हिड तेव्हा चौदा वर्षांचा होता. ऑग्डेन गावाजवळच्या डोंगरखोऱ्यात त्यांनी बिऱ्हाड केले. आंधळा बाप पुन्हा लाकूड कातू लागला आणि मुलगा पुन्हा टोपली घेऊन हिंडू लागला. देश तेवढा बदलला होता. पुढे काही काळ ऑरेगन प्रांतात मजुरी, काही काळ कोळशाच्या खाणीवर कष्ट, मग जंगलातून ओंडके ओढून सॉमिलवर पोहोचविण्याचा मक्ता, अशा पायऱ्यांनी तो वर चढला. १८७३ च्या सुमारास दोन भागीदारांबरोबर त्याने स्वतःची सॉमिल चालू केली. काळ अनुकूल होता. १८६९ साली अमेरिकेच्या पूर्व-पश्चिम टोकांना जोडणारा लोहमार्ग पुरा झाला आणि ऑग्डेन हे त्या मार्गावरचे जंक्शन झाले. लोहमार्गास स्लीपर हवेत, खाणींस टेकू हवेत, वाढत्या गावास घरांसाठी फळ्या हव्यात. ज्याच्याजवळ लाकूड आहे त्याच्या दाराशी गिऱ्हाईक आपण होऊन येई.

याच दिवसांत त्याने एक गोष्ट केली, तिचे मला सर्वांत अप्रूप वाटते. ऑग्डेन येथे लुई मोंच नावाचा जर्मनीत जन्मलेला एक शिक्षक शाळा चालवीत असे. ओंडके ओढून हातांना घट्टे पडलेला हा विशीपलीकडचा मक्तेदार त्या शाळेत जाऊन बसला आणि लिहिणे, वाचणे, हिशेब हे यथाविधि शिकला. प्रौढ मनुष्याने बाकावर बसणे याला केवढे धैर्य लागते, हे शिक्षकासच ठाऊक. मुलाला न येण्याची लाज नसते. मोठ्याला येत नाही हे कळू देण्याचीच लाज असते. हाच मोंच पुढे १८८९ साली गावात निघालेल्या वेबर विद्यालयाचा पहिला मुख्याध्यापक झाला, आणि त्या विद्यालयाचे आज विद्यापीठ झाले आहे. त्याच्या हाताखालून किती मुले गेली असतील! पण ज्याने मिळालेल्या थोड्या अक्षरांवर इतका मोठा प्रपंच उभा केला असा विद्यार्थी विरळा.

प्रपंच खरोखरच मोठा होता. १८८९ साली ऑरेगन लंबर कंपनी. पुढच्याच साली जंगलातले लाकूड बाहेर काढण्यासाठी बेकर गावाहून अरुंद रुळांची स्वतःची आगगाडी. १८९८ साली ऑग्डेन येथे बीटपासून साखर काढण्याचा कारखाना. शिवाय बँका आणि पूल-रस्ते बांधणारी एक कंपनी. एका धंद्याच्या पोटातून दुसरा निघे. व्यवहाराविषयी त्याचा एक नियम होता, तो त्याच्या मुलाने आपल्या आत्मवृत्तात नमूद करून ठेवला आहे: कर्ज काढावयाचे नाही. मनुष्य काय आणि धंदा काय, जोवर देणेकरी नाही तोवरच स्वतंत्र. जे भांडवल लावावयाचे ते आपल्या मिळकतीतून शिल्लक पडलेले. गंमत अशी की, कर्जाला असा दूर ठेवणारा मनुष्य पुढे बँकेचा अध्यक्ष झाला, म्हणजे लोकांस कर्ज देण्याच्या खुर्चीवर बसला.

मुलांनाही त्याने हाच धडा दिला. मॅरिनर नावाचा त्याचा मुलगा आठ वर्षांचा असताना सुटीत त्यास खोक्यांच्या कारखान्यात कामास लावले. मजुरी तासाला पाच सेंट. अशा मजुरीतून शंभर डॉलर साठविण्यास पोराला तीन वर्षे लागली. साठल्यावर बापाने ते पैसे घेतले आणि त्याच्या नावाने लाकूड कंपनीचा एक भाग लिहून दिला. आपल्या घरी मुलाच्या वाढदिवशी नवे कपडे येतात. तसे लाड या घरी किती होत ते पुस्तकात नाही. पण शंभर डॉलरांची ती कथा त्या मुलाने साठाव्या वर्षी आठवून लिहिली आहे.

आता गावकीकडे वळू. ऑग्डेनची वस्ती १८८० साली सहा हजारांच्या आसपास होती. राजकारण दोन तटांचे. मॉर्मन मंडळींचा पीपल्स पक्ष एकीकडे आणि लोहमार्गाबरोबर आलेल्या मॉर्मनेतर व्यापाऱ्यांचा लिबरल पक्ष दुसरीकडे. पाणी, दिवे, रस्ते यांच्या प्रश्नांतही धर्माचा वाद शिरे. आपल्या गावांतून ज्ञातीचा शिरतो तसाच. एकल्स प्रथम नगरसभेत सभासद म्हणून निवडून आला, आणि १८८७ पासून दोन वर्षे नगराध्यक्ष होता. १८८९ च्या निवडणुकीत सत्ता लिबरल पक्षाच्या हाती गेली. त्यानंतर त्याचे लक्ष धंद्यातच रमले.

परंतु या नगराध्यक्षपणामागे एक काळी छाया होती, ती लपवून हे चरित्र सांगता येणार नाही. मॉर्मन पंथात त्या काळी बहुपत्नीकत्व हा धर्माचा भाग मानीत. १८५२ साली त्यांनी ते उघडपणे जाहीर केले होते. अमेरिकेच्या केंद्र सरकारने १८८२ साली कायदा करून बहुपत्नीक पुरुषांचा मताधिकार आणि अधिकारपदे काढून घेतली. अनेकांना तुरुंगात घातले. १८८७ सालच्या कायद्याने तर संघाची मालमत्ता जप्त केली आणि मी वर सांगितलेला तो प्रवासनिधीही मोडून टाकला. १८९० साली पंथाच्या प्रमुखाने असे विवाह यापुढे होऊ नयेत असे घोषित केले, आणि १८९६ साली यूटा राज्य म्हणून संघराज्यात आले. एकल्सचा पहिला विवाह १८७५ साली डॅनिश कुळातील बर्था जेन्सन हिच्याशी झाला. दुसरा, १८८५ साली, म्हणजे कायदा होऊन तीन वर्षांनी, एलेन स्टॉडर्ड हिच्याशी. हा विवाह उघड झाला असता तर नगराध्यक्षपद राहिले नसते, तुरुंगवासही चुकला नसता. सभेत गावाच्या कायद्यांवर सही करणारा मनुष्य देशाच्या कायद्यापासून आपले अर्धे घर लपवीत होता.

बर्थेचे बिऱ्हाड ऑग्डेनात. एलेनचे कधी लोगन गावी, कधी ऑरेगनात. बर्थेची मुले बारा, एलेनची नऊ. आमच्यातील वृद्ध मंडळींस हे चित्र अगदीच अपरिचित नाही. मुंबई प्रांतात हिंदूंस दुसरी बायको करण्याची बंदी १९४६ साली झाली आणि साऱ्या देशात १९५५ साली. त्यापूर्वीच्या घरांतून थोरली-धाकटीचे संसार आपल्या आजीपणजीने पाहिलेले आहेत. म्हणूनच या कथेत मला एलेनचे दुःख अधिक जवळचे वाटते. नवरा श्रीमंत, कर्तबगार, मुलांवर माया करणारा; पण त्याचे नाव चारचौघांत घेण्याची चोरी. थोरलीचेही दुःख काही कमी नसेल. पण तिला गावात नाव होते.

५ डिसेंबर १९१२ रोजी सॉल्ट लेक शहरात गाडी गाठण्यासाठी धावत असता हृदयक्रिया बंद पडून डेव्हिड एकल्स मरण पावला. वय त्रेसष्ट. मागे सुमारे सत्तर लाख डॉलरांची मालमत्ता होती, आणि मृत्युपत्र नव्हते. आयुष्यभर कवडीकवडीचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाने हा एकच हिशेब करावयाचा ठेवला.

तो कायद्याने केला. गणित सोपे आहे. घरातील मुलांनी पाटीवर करून पाहावे. कायद्याच्या दृष्टीने पत्नी एकच, बर्था. तिला तृतीयांश. उरलेले दोन तृतीयांश एकवीस मुलांत समान. कारण विवाह मान्य नसला तरी मुलांचा वारसा कायदा मानीत होता. तेव्हा एलेनच्या नऊ मुलांस मिळून दोन सप्तमांश, आणि बर्था व तिची बारा मुले यांस पाच सप्तमांश. एलेनला स्वतःला शून्य. सत्तावीस वर्षांचा संसार आणि वाटा शून्य! पुढे १९१५ साली आणखी एका स्त्रीने आपल्या मुलाच्या वतीने दावा लावला, आणि न्यायालयाने त्या मुलासही डेव्हिडचा पुत्र म्हणून वाटा दिला. ज्या गोष्टी घरात झाकल्या होत्या त्या अशा रीतीने कोर्टात वाचल्या गेल्या. देणे नसलेला मनुष्य म्हणून त्याची ख्याती होती. पण सावकाराच्या वहीत न दिसणारी देणी त्याच्या नावावर राहून गेली होती.

एलेनच्या मुलांत थोरला मॅरिनर. वय बावीस, नुकताच स्कॉटलंडातून धर्मप्रचाराचे काम संपवून परतलेला. शिक्षण कॉलेजच्या पदवीपर्यंतही नाही. आई आणि आठ धाकटी भावंडे यांचा भार त्याच्या शिरावर आला. १९१६ साली त्याने आपल्या शाखेचे वाटे एकत्र ठेवणारी एक कंपनी स्थापिली. एकत्र कुटुंबाची मालमत्ता कर्त्याच्या हाती असावी, त्याच धर्तीची ही व्यवस्था होती. पुढे तो बँकांचा चालक झाला. १९३१ साली मंदीत बँका पटापट बुडू लागल्या. ऑग्डेनमधली शेजारची बँक बंद पडली आणि याच्या बँकेच्या दाराशी ठेवी काढणाऱ्यांची रीघ लागली. त्याने कारकुनांस बजावले की, प्रत्येक सही ताडून पाहा, लहान नोटा मोजून द्या, घाई म्हणून करू नका. मात्र मागेल त्याला द्या. रिझर्व्ह बँकेकडून रोकड घेऊन बंदोबस्ताची मोटार आली तेव्हा तो काउंटरवर चढून लोकांशी बोलला. बँक तरली, ठेवीदाराचा पैसा बुडाला नाही.

पण त्या रात्रीपासून त्याच्या मनात एक शंका घर करून बसली असावी. प्रत्येक जण वडिलांच्या शिकवणीप्रमाणेच वागत होता. ज्याने त्याने हात आखडला, देणे फेडले, नवे काही घेतले नाही. आणि सारे मिळून बुडत होते. एकाचा सद्गुण तो सर्वांचा घात कसा होतो? १९३३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या सेनेट समितीपुढे साक्ष देताना या मॉर्मन बँकवाल्याने सांगितले की, अशा वेळी सरकारने कर्ज काढावे, लोकांस काम द्यावे. आणि भरभराटीच्या दिवसांत कर घेऊन ते फेडावे. डेव्हिड एकल्सचा मुलगा कर्ज काढा म्हणून सांगतो! १९३४ साली त्यास देशाच्या मध्यवर्ती बँकेवर नेमण्यात आले, आणि १९४८ पर्यंत तो तिचा मुख्य होता. युद्धानंतर महागाई वाढू लागली तेव्हा हाच मनुष्य आता पैसा आवळा, कर घ्या, असे आग्रहाने सांगू लागला; तेव्हा मात्र ऐकणारे कमी होते. वॉशिंग्टनमधील त्या बँकेच्या इमारतीस १९८२ साली त्याचे नाव देण्यात आले.

येथे आपल्या माणसाचा एक धागा या कथेत गुंतला आहे. १९४४ च्या जुलैत ब्रेटन वुड्स येथे चव्वेचाळीस राष्ट्रांची नाणेविषयक परिषद भरली. अमेरिकेच्या प्रतिनिधींत मॅरिनर एकल्स होता, आणि हिंदुस्थानच्या प्रतिनिधींत रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर चिंतामणराव देशमुख होते. संस्कृतज्ञांस देशमुख हे कालिदासाच्या मेघदूताचा मराठी अनुवाद करणारे म्हणून अधिक प्रिय. त्या परिषदेत हिंदुस्थानने इंग्लंडकडे साठलेल्या आपल्या स्टर्लिंग येण्याचा प्रश्न मांडला. युद्धकाळात इंग्लंडने माल नेला आणि किंमत लिहून ठेवली. शंभर वर्षे देणेकरी म्हणून हिणवलेला देश धनको होऊन बसला होता! मात्र ते येणे जमले त्या वर्षांत बंगालात माणसे भुकेने मरत होती. वहीत जमेची बाजू मोठी दिसली म्हणजे घर सुखी असते असे नाही.

हे सारे मी वाचीत होतो त्याच सुमारास आमच्या घरी एक प्रश्न उभा राहिला. आम्ही तिघे बंधू, एका छपराखाली. थोरल्या दादांच्या नातीस परदेशी विद्यापीठात पुढील शिक्षणासाठी प्रवेश मिळाला. खर्च आमच्या तिघांच्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्याबाहेरचा. बँक कर्ज देण्यास तयार, परंतु घर तारण ठेवले पाहिजे आणि तिघांच्याही सह्या पाहिजेत. हे घर आमच्या आप्पांनी बांधले. आप्पा तालुक्याच्या कचेरीत कारकून होते. वाण्याचे देणे महिनाअखेर चुकते करून मगच पगारातले उरलेले आईच्या हाती देत. घराच्या उताऱ्यावर कधी बोजा चढला नाही, याचा त्यांना कोण अभिमान! दादा म्हणाले, “आप्पांच्या घरावर माझ्या हातून बँकेचे नाव लागणार नाही.” मुलगी काही बोलली नाही. ती आत जाऊन ताटे मांडू लागली.

त्या रात्री जेवणे झाल्यावर मी ही एकल्सची कथा सर्वांस सांगितली. दादांना बाप आवडला. ते म्हणाले, “बघ, मुलाने भर गर्दीत बँक तारली ती कशावर? बापाने ज्या अंथरुणात पाय पसरले, त्या अंथरुणावर.” यात तथ्य होते. धाकट्या बंधूस मुलगा आवडला, तो म्हणाला, “अडचणीच्या दिवसांत काढावे, बरे दिवस आले की फेडावे, हे वावगे काय?” दादा उत्तरले, “बरे दिवस आल्यावर फेडतो कोण? तूच सांगितलेस ना, तेव्हा त्याचेही कोणी ऐकले नाही.” यातही तथ्य होते, आणि मला दोघांनाही उत्तर सुचले नाही.

तेव्हा वहिनी माजघराच्या उंबऱ्यावरून म्हणाल्या, “तुमचा तो म्हातारा कर्जाला भीत होता ते ठीकच. पण भाऊजी, तो त्या देशात आला तो कोणाच्या पैशाने?”

सगळे क्षणभर गप्प झाले. चार महिने पुस्तके वाचून मला जे दिसले नव्हते ते वहिनींनी एकदा ऐकून टिपले होते. चौदा वर्षांचा तो पोर आणि त्याचा आंधळा बाप यांना कोणी अपरिचित माणसांनी आधी फेडलेल्या पैशावर जहाजात बसता आले. तो पैसा मिळाला नसता तर पुढची सॉमिल नाही, साखर कारखाना नाही, आणि कर्ज न काढण्याचा नियम सांगण्याइतकी शिल्लकही नाही. स्वतःच्या पायावर उभा राहिलेला मनुष्य म्हणून आपण ज्याचे कौतुक करतो त्याच्या पायाखाली पहिली फळी दुसऱ्याने टाकलेली असते. आप्पांचेही तसेच. ते वार लावून जेवले आणि मॅट्रिक झाले; सात घरच्या सात बायांनी त्यांना सात दिवस वाढले. त्या जेवणाचा बोजा कोणत्या उताऱ्यावर लिहिलेला नाही, इतकेच.

दादा पुष्कळ वेळ सुपारी कातरीत बसले. मग त्यांनी नातीस बोलाविले आणि विचारले, “फेडशील?” ती म्हणाली, “फेडीन, आजोबा.” वहिनी लगेच म्हणाल्या, “बँकेचे तर फेडायचेच. पण त्यानंतर या घरातल्या किंवा या आळीतल्या एका पोराचे शिक्षण तू करायचेस. ते फिटल्याशिवाय तुझे फिटले असे मी म्हणणार नाही.” मुलीने मान हलविली. पुढच्या आठवड्यात आम्ही तिघांनी सह्या केल्या. दादांनी सही करण्यापूर्वी कागद दोनदा वाचला आणि व्याजाचा दर एका चिठ्ठीवर उतरून घेतला.

मृत्युपत्राचाही विषय त्याच बैठकीत निघाला, हे येथे नमूद करावेसे वाटते. आमच्यापैकी कोणीही ते केलेले नव्हते. सुशिक्षित घरांतून हे काम अशुभ म्हणून टाळले जाते. पण जिचा वाटा शून्य निघाला त्या एलेनची आठवण ठेवून प्रत्येक गृहस्थाने हे अशुभ एकदा उरकून टाकावे. ज्याच्या हाती कारभार असतो त्याला वाटते की आपण आहोत तोवर सगळे सुरळीत आहे. ते खरेच असते, पण तेवढ्यापुरतेच.

‘अनृणी’ हा शब्द मी वर्गात अनेकदा शिकविला. ज्यावर ऋण नाही तो अनृणी, असा विग्रह करून पुढच्या शब्दाकडे वळत असे, आणि व्याकरणदृष्ट्या तो बरोबरच आहे. परंतु जन्मतःच तीन ऋणे घेऊन येणाऱ्या माणसास अनृणी म्हणावयाचे तर त्याने ऋण कधी घेतलेच नाही असा अर्थ संभवत नाही. घेतलेले त्याने योग्य त्या हाती पोहोचते केले, असाच घ्यावा लागतो. डेव्हिड एकल्सने धनकोंचे सारे पोहोचविले. घरच्यांचे काही राहून गेले. आमचे काय होते ते आमची पोरे पाहतील. दादांनी कर्जाच्या हप्त्यांसाठी एक वेगळी वही घातली आहे. पहिल्या पानावर श्री लिहून त्याखाली बँकेची रक्कम मांडली आहे, आणि शेवटचे पान वहिनींच्या सांगण्यावरून त्या पुढच्या पोरासाठी कोरे ठेवले आहे.